‘औषध घेतलं’ हे यंत्राला कसे कळणार? मानसिक आरोग्याच्या मूल्यमापनात कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रश्न असा आला आहे : “मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात समुपदेशक आहे. विद्यार्थी सुमारे २,४०० आणि समुपदेशक मी एकटीच. व्यवस्थापन कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एक ॲप विकत घेण्याच्या विचारात आहे. विद्यार्थ्याने एक प्रश्नावली भरायची, मिनिटभर बोलून आवाज नोंदवायचा, आणि नैराश्याचा व आत्महत्येचा धोका शंभरपैकी किती हे ॲप सांगणार. अचूकता ९२ टक्के असल्याचा विक्रेत्यांचा दावा आहे. हे घ्यावे का, आणि घेतलेच तर कसे वापरावे?”

मी गेली २२ वर्षे मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. या प्रकारची काही साधने मी स्वतःच्या ओपीडीत वापरून पाहिली. त्यांतली दोन-तीन अजून वापरतो, बाकीची बंद केली. माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. प्रश्नावलीचा भाग घ्यायला हरकत नाही, आवाजावरून काढलेल्या आकड्यावर पैसे घालवू नयेत, आणि आत्महत्येच्या धोक्याचा आकडा व्यवस्थापनाच्या पडद्यावर कधीही दिसू नये.

व्यवस्थापनाला ही घाई का झाली आहे हे समजण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक किंवा तत्सम तज्ज्ञ असावा असे सांगितले. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली होती. दुसरीकडे मनुष्यबळाची स्थिती अशी, की भारतात लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा पडत नाही आणि बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के आढळले होते. अशा वेळी कोणी “यंत्र चाळून देईल” म्हटले, तर ते ऐकावेसे वाटणारच. मलाही वाटले होते.

आता त्या ९२ टक्क्यांकडे वळू. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शंभर मुलांत आठ जणांना नैराश्य असेल आणि एखाद्या यंत्राने डोळे मिटून शंभरच्या शंभर जणांवर “ठीक आहे” असा शिक्का मारला, तरी ते ९२ वेळा बरोबर ठरते, आणि ज्या आठ जणांसाठी सगळा खटाटोप केला ते आठही जण हातून निसटतात. म्हणून विक्रेत्याला दोन आकडे वेगवेगळे मागावेत : आजार असलेल्या शंभरांपैकी किती पकडले, आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी किती सोडून दिले.

नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली उदाहरणादाखल घेऊ. आपल्या ॲपमध्येही बहुधा तीच असेल. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. २००१ साली तिच्या कर्त्यांनी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दहा गुणांची रेषा धरली तर आजार असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडले जात होते आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के योग्य रीतीने बाहेर राहत होते. साध्या कागदी प्रश्नावलीच्या मानाने हे उत्तम आहे. तरीही हजार विद्यार्थ्यांचा हिशेब मांडून बघा. त्यांपैकी शंभर जणांना नैराश्य आहे असे धरले, तर ८८ पकडले जातील. पण उरलेल्या नऊशेंपैकी १०८ जणही रेषेच्या वर जातील. म्हणजे आपल्या दाराशी येणाऱ्या १९६ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना तो आजार नसेल. त्यांना काही तरी त्रास असेलच, कुणाचे प्रेम तुटले असेल, कुणाला केटी लागली असेल, कुणाच्या घरी कर्जाचा घोर असेल, आणि त्यांच्याशी बोलणे वाया जात नाही. पण ते बोलणार कोण? २,४०० विद्यार्थ्यांचा हाच हिशेब केला तर सुमारे ४७० जण होतात. प्रत्येकाला अर्धा तास दिला आणि आपण दिवसाला चार तास भेटी घेतल्या, तर जवळजवळ ५९ कामाचे दिवस लागतील. सत्र संपत येईल. विक्रेता हा हिशेब दाखवत नाही, कारण त्याचे काम शिक्का मारण्यापाशी संपते आणि आपले तिथे सुरू होते.

आत्महत्येच्या धोक्याचा आकडा यापेक्षा पुष्कळ फसवा आहे. २०२२ मध्ये देशात आत्महत्येचे प्रमाण लाख लोकांमागे १२.४ होते. समजा, आपल्याला असे यंत्र मिळाले की जे ९० टक्के पकडते आणि ९० टक्के अचूक सोडते. लाख लोकांवर ते चालवले तर बारांपैकी अकरा जण सापडतील, आणि त्यांच्याबरोबर सुमारे दहा हजार असे लोक, जे त्या वर्षात आत्महत्या करणार नव्हते. नऊशे-साडेनऊशे शिक्क्यांत एक खरा. हा दोष संगणकाचा नाही. जी घटना इतकी विरळ आहे तिचे भाकीत कुणीही केले तरी हेच होणार. माणसांची कामगिरीही काही अभिमान वाटावा अशी नाही. २०१७ मध्ये गेल्या पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यात आत्महत्येच्या विचारांचे व कृतींचे आपले अंदाज नाणेफेकीपेक्षा जेमतेम सरस असल्याचे दिसले. म्हणून मी ओपीडीत “हा करेल का” असा जुगार खेळत नाही. आज मनात काय आहे, विचार फक्त येऊन जातो की त्याची आखणी झाली आहे, साधन हाताशी आहे का, घरी रात्री कोण असते, गेल्या आठवड्यात काय घडले, हे विचारतो आणि त्याप्रमाणे आजची व उद्याची व्यवस्था लावतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत २०१७ पासून एक गणिती प्रणाली वापरली जाते. ती रुग्णनोंदींवरून सर्वाधिक धोक्याच्या ०.१ टक्का लोकांची नावे काढते, ती नावे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे जातात, आणि डॉक्टरने त्या रुग्णाच्या उपचारांची फेरतपासणी करून त्याच्याशी संपर्क साधायचा असतो. आकड्याचा असा वापर मला पटतो. तिथे आधीच उपचार चालू आहेत, वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, आणि आकडा पाहणारा माणूस त्या रुग्णाला ओळखतो. महाविद्यालयात यातले काहीच नसते.

आणखी एक गोष्ट आमच्या व्यवसायाबाहेर फारशी बोलली जात नाही. यंत्र शिकते ते आम्ही दिलेल्या निदानांवरून, आणि आमची निदाने एकमेकांशी किती जुळतात? अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेच्या क्षेत्रीय चाचण्यांत दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा तीव्र नैराश्याच्या निदानावर त्यांचे एकमत ०.२८ इतकेच भरले. निव्वळ योगायोगाने जुळले तर शून्य आणि पूर्ण जुळले तर एक, अशी ही मोजपट्टी आहे. जिथे गुरूंचेच एकमत नाही, तिथे शिष्य ९२ टक्के बरोबर असेल तर तो नेमका कोणाशी जुळतो आहे, हे विचारलेच पाहिजे. बहुतेक वेळा उत्तर येते की यंत्राची तुलना प्रश्नावलीच्या गुणांशी केली होती. म्हणजे आवाजावरून यंत्राने पीएचक्यू-९ चे गुण ओळखले. तेच हवे असतील तर नऊ प्रश्न सरळ विचारता येतात. चार मिनिटे लागतात आणि फुकट होते.

आवाजाच्या दाव्याला मुळात आधार नाही असे मात्र मी म्हणणार नाही. खोल नैराश्यात माणसाचे बोलणे मंदावते, स्वर सपाट होतो, प्रश्न आणि उत्तर यांच्यातली शांतता लांबत जाते. हे आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत आणि केसपेपरवर लिहितही आलो आहोत. यंत्र ती शांतता मिलिसेकंदांत मोजू शकते, मी मोजू शकत नाही. अडचण पुढे आहे. २०१५ मध्ये गाजलेल्या एका अभ्यासात, मनोविकृती (भास-भ्रमांचा आजार) होण्याची शक्यता असलेल्या तरुणांच्या बोलण्याची सुसंगती संगणकाने तपासून पुढे कोणाला आजार होईल हे शंभर टक्के अचूक सांगितले गेले. सहभागी किती होते? ३४. आणि ज्यांना पुढे आजार झाला ते? पाच. पाच जणांवरून बांधलेला नियम सहाव्याला लागू पडेलच असे नाही. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका कामात स्किझोफ्रेनियाच्या औषधचाचण्यांची माहिती घेऊन, उपचारांचा गुण कोणाला येईल हे सांगणारी संगणकी प्रारूपे (मॉडेल) तयार केली होती. ज्या चाचणीच्या माहितीवर प्रारूप घडले तिथे ते झकास चालले, दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांवर लावले तर अंदाजपंचे झाले. आजार तोच होता, फक्त माणसे आणि ठिकाणे बदलली होती.

यंत्र नेमके काय शिकते हे आपल्याला दिसत नाही, हे याच्या मुळाशी आहे. नैराश्य ओळखण्याच्या संशोधनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मुलाखतींच्या एका अमेरिकी संग्रहाबाबत असे लक्षात आले, की काही प्रारूपे रुग्णाच्या उत्तरांपेक्षा मुलाखत घेणाऱ्याच्या प्रश्नांवरूनच निष्कर्ष काढत होती. पूर्वीच्या मानसिक त्रासाविषयी प्रश्न सुरू झाला की यंत्राला सुगावा लागत होता. परीक्षेला बसलेल्या मुलाने उत्तरे न शिकता पर्यवेक्षकाच्या चेहऱ्यावरून पर्याय निवडावा, तसा हा प्रकार. आजारी माणसांचे आवाज रुग्णालयात आणि निरोग्यांचे महाविद्यालयात नोंदवले असतील, तर यंत्र मनाऐवजी वॉर्डातल्या पंख्याचा आवाज ओळखायला शिकू शकते. त्यात आपल्या विद्यार्थ्याचा मोबाइल स्वस्तातला, होस्टेलच्या खोलीत चौघे, आदल्या रात्री सबमिशन, आणि बोली वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी. बोलीचा हेल आणि खचलेला स्वर यांतला फरक त्या यंत्राला कोणी शिकवला आहे का, हे विचारा.

आणि इथे मी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यावर येतो, तो म्हणजे भाषा. नैराश्यातली माणसे ‘मी’ हा शब्द अधिक वापरतात, हा इंग्रजी मजकुरावरच्या संशोधनातला एक नावाजलेला निष्कर्ष आहे. आता मराठी वाक्य घ्या : “रात्री झोपलोच नाही, सकाळी उठलो, तसाच पडून राहिलो.” यात ‘मी’ एकदाही नाही, कारण आपल्याकडे कर्ता क्रियापदाच्या शेपटात बसलेला असतो. ‘मी’ मोजणारे यंत्र या मुलाला आत्ममग्न मानणार नाही, आणि कुणी शिष्ट बोलणारा दर वाक्यात ‘मी’ घालत असेल तर त्याला धरेल. इंग्रजीतही हा निष्कर्ष सर्वांना लागू नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत समाजमाध्यमांवरच्या लेखनाच्या अभ्यासात श्वेतवर्णीयांमध्ये जो संबंध दिसला तो कृष्णवर्णीयांमध्ये दिसला नाही. एकाच देशात, एकाच भाषेत ही गत, तर भाषांतर करून आणलेल्या यंत्राविषयी काय बोलावे.

‘जीव’ हा एकच शब्द बघा. आई लेकरावर जीव टाकते, शेजारणीने पोराला जीव लावला, नव्या गावी जीव रमत नाही, गर्दीत जीव घाबरा होतो, साहेब जीव खातो, आणि कुणी जीव देतो. ‘जिवाचं बरंवाईट करून घेणे’ यात ‘बरं’ आहे, पण त्यात बरे काहीच नाही. उलट बाजूने ‘मरणाचं ऊन’, ‘मरणाचा कंटाळा’, ‘सबमिशननं मारलं’, ‘व्हायवात संपलोच’ ही तर आपल्या विद्यार्थ्यांची रोजची भाषा आहे. शब्द हेरणारे यंत्र अशा मुलांची नावे दर परीक्षेच्या आठवड्यात शेकड्याने काढेल. मला भीती वाटते ती अशा वाक्यांची, ज्यांत मरण शब्दच नसतो : “आता कुणाला माझा त्रास नाही व्हायचा.” “सगळं मार्गी लावलंय.” दोन महिने रडणारा मुलगा एके दिवशी शांतपणे असे बोलतो तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो.

आता माझ्या ओपीडीतला एक प्रसंग सांगतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. संभाषण ऐकून त्याचा मराठीत सारांश लिहून देणारे एक साधन मी काही आठवडे, रुग्णांची संमती घेऊन, वापरून पाहत होतो. पन्नाशीतला एक शेतकरी, त्याची बायको आणि मेहुणा समोर बसले होते. तो गप्पच होता. बायको म्हणाली, “मागल्या पोळ्याला ह्यांनी औषध घेतलं व्हतं. तवापासून घरात काहीच ठेवत न्हाई.” आमच्या भागात हे ऐकणाऱ्या कोणालाही दोन वेळा विचारावे लागत नाही. औषध म्हणजे फवारणीचे औषध, आणि घेतले म्हणजे प्यायले. बाईंनी मला एका वाक्यात सांगितले होते की आत्महत्येचा प्रयत्न झालेला आहे, आणि दुसऱ्या वाक्यात सांगितले की त्या दिवसापासून कीटकनाशकाचा डबा घरात राहू देत नाही. संध्याकाळी सारांश उघडला. त्यात लिहिले होते : “रुग्णाने मागील वर्षी पोळ्याच्या सुमारास औषध सुरू केले. सध्या घरात औषधे उपलब्ध नाहीत. औषधोपचारात सातत्य नसण्याची शक्यता.” एकही शब्द चुकीचा ऐकलेला नव्हता. वाक्यरचना स्वच्छ, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगले. मी त्या दिवशी रजेवर असतो आणि माझ्या जागी आलेल्या नव्या डॉक्टरने फक्त सारांश वाचला असता, तर त्याने बहुधा बायकोलाच “गोळ्या घरात ठेवत जा” असे बजावले असते.

ते साधन मी बंद केले. दुरुस्ती करता आली असती, ‘औषध’ शब्दाचा हा अर्थ त्यात घालता आला असता; पण असे शब्द किती आहेत हे मलाही सांगता येणार नाही, कारण ते मला खटकतच नाहीत. ज्याला आपण रोजचे म्हणतो तेच नेमके कोणी लिहून ठेवलेले नसते.

प्रश्नावलीसुद्धा भाषेच्या तडाख्यातून सुटत नाही, हे तिची बाजू घेताना कबूल केले पाहिजे. पीएचक्यू-९ चा पहिला प्रश्न कामांतला रस वा आनंद कमी होण्याविषयी आहे. मी एका गृहिणीला हा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “कामात कसला आलाय रस? पण केल्याशिवाय सुटका आहे का?” याला शून्य गुण द्यायचे की तीन? तेव्हापासून मी विचारतो, “पूर्वी काय केलं की बरं वाटायचं? ते अजून करता का?” मग उत्तर येते : रेडिओवरची भजने, मोगऱ्याचा गजरा, बहिणीला फोन, आणि कधीपासून सुटले तेही कळते. “डोक्यात मुंग्या येतात”, “छातीत भरून येतं”, “हातापायातलं बळच गेलं” अशा तक्रारींना त्या नऊ प्रश्नांत फारशी जागा नाही, आणि आमच्याकडचे निम्मे नैराश्य याच दाराने आत येते. आपल्या विद्यार्थ्यांची भाषा वेगळी असेल. ते ‘टेन्शन’ म्हणतील, ‘लो वाटतंय’ म्हणतील. मग विक्रेत्याच्या मराठी प्रश्नावलीचे भाषांतर कोणी केले आणि ते कोणत्या मराठी माणसांवर तपासून पाहिले, हे लेखी मागून घ्या.

इतके सांगूनही मी ही साधने वापरतो, त्याची कारणे सांगायला हवीत. पहिले कारण असे, की काही माणसे यंत्राला जे सांगतात ते माणसाला सांगत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा अगदी साधा संवादी प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे. तरी लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले आणि हे पाहून त्याचा कर्ताच धास्तावला. २०१४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगात पडद्यावरची तीच मुलाखतकार बाई काहींना ‘संगणक चालवतो’ म्हणून आणि काहींना ‘मागे माणूस आहे’ म्हणून दाखवली, तेव्हा संगणक समजून बोलणाऱ्यांनी संकोच कमी केला आणि अधिक सांगितले. माझ्याकडे प्रतीक्षागृहात टॅबलेटवर प्रश्नावली असते. दारूविषयी, लैंगिक तक्रारींविषयी आणि घरातल्या मारहाणीविषयी तिथे जे उमटते ते पहिल्या भेटीत तोंडाने क्वचितच येते.

दुसरे म्हणजे दारापर्यंत आणणे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ‘लिंबिक ॲक्सेस’ नावाचा संवादी सहायक वापरतात. मदत हवी असलेल्याशी तो बोलतो, पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावल्या भरून घेतो आणि माहिती जुळवून माणसाच्या हाती देतो. पुढचे मूल्यमापन तो माणूस करतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ सेवाकेंद्रांच्या आणि १,२९,४०० रुग्णांच्या अभ्यासात, तो वापरणाऱ्या केंद्रांत मदत मागणाऱ्यांची संख्या १५ टक्के वाढली, तर न वापरणाऱ्यांत ६ टक्के. आणि अल्पसंख्य समूहांतली वाढ याहून ठळक होती. या साधनाने कोणाच्या कपाळावर धोक्याचा आकडा लिहिला नाही. लाजेने दाराबाहेर थांबलेल्याला आत आणले.

तिसरे कारण मला व्यक्तिशः सर्वांत उपयोगाचे वाटते. यंत्र एका माणसाची दुसऱ्याशी तुलना करते तेव्हा घसरते; पण त्याच माणसाची त्याच्याच गेल्या महिन्याशी तुलना करायला लावले तर कामाला येते. बायपोलर विकार (आलटूनपालटून उन्माद आणि नैराश्य) असलेला माझा एक रुग्ण फोनमध्ये रोजची झोप नोंदवतो. सात तासांची झोप चार दिवस ओळीने साडेचार तासांवर आली की त्याला आणि त्याच्या भावाला सूचना जाते, आणि ते मला फोन करतात. उन्माद अंगावर येण्याआधी आम्हाला आठवडाभर मिळतो. हे त्याने बरा असताना स्वतः ठरवले आहे, कोणाला कळवायचे तेही त्यानेच.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याच्या बाबतीत माझ्याकडून घडलेली चूक सांगतो. टॅबलेट नवीन होते तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी एका मुलाने प्रश्नावली भरली, गर्दी पाहून तो न भेटताच निघून गेला, आणि नवव्या प्रश्नापुढचे ‘जवळजवळ रोज’ हे उत्तर मी सोमवारी सकाळी पाहिले. मुलगा सुखरूप होता. ते दीड दिवस मात्र माझ्या जबाबदारीचे होते. प्रश्न विचारला की उत्तर ऐकायला कोणीतरी असलेच पाहिजे. आता आमचा टॅबलेट आम्ही असतो तेवढ्याच वेळात चालतो, नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही आले की परिचारिकेच्या फोनवर घंटा वाजते आणि तो रुग्ण भेटल्याशिवाय जात नाही. आपले ॲप चोवीस तास उघडे राहणार असेल, तर रात्री पावणेदोनला आलेले उत्तर कोण वाचणार, हे करारात नावानिशी असावे. ते शक्य नसेल तर ॲप कामाच्या वेळेतच उघडावे, आणि पडद्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळक असावा. ती सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही मिळते.

कायद्याचे थोडक्यात. भारताच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या प्रणालीला रुग्णाचे समुपदेशन करण्यास किंवा औषध लिहून देण्यास परवानगी नाही. नोंदणीकृत डॉक्टरला मूल्यमापनात व निदानात साहाय्य करण्यापुरते तिचे स्थान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने आजाराविषयी व उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली असून तिच्या माहितीबाबत अटी अधिक कडक आहेत. आपल्या प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले असतात, त्यामुळे करार वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोपनीयता कायद्यासाठी तर हवीच, पण अचूकतेसाठीही हवी. प्लेसमेंट पाहणाऱ्या प्राध्यापकांना आपला आकडा दिसतो अशी नुसती कुजबुज पसरली, तर मुले नऊच्या नऊ प्रश्नांना ‘अजिबात नाही’वर टिचकी मारून अकरा सेकंदांत मोकळी होतील, आणि व्यवस्थापनाकडे एका अत्यंत आनंदी महाविद्यालयाचा आलेख तयार होईल. प्रश्नावली सक्तीची केली तरी हेच होईल.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या सत्रात एकाच शाखेचे दुसरे वर्ष घ्या, साधारण १२० मुले. आवाज नोंदवणे बंद ठेवा. प्रश्नावली ऐच्छिक असू द्या. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत असू द्या. सोमवार ते गुरुवार, आपण कार्यालयात असाल त्या वेळेतच उघडा, कारण शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या उत्तरापुढे शनिवार-रविवार असतो. व्यवस्थापनाला फक्त शाखेची एकत्रित संख्या द्या, तीही दहाहून कमी असेल तर देऊ नका. रेषेच्या वर आलेल्यांना आपण स्वतः बोलवा, ॲपच्या संदेशाने नव्हे. जे रेषेच्या खाली आहेत आणि भेटायला तयार आहेत, त्यांच्यातूनही चिठ्ठ्या टाकून पंधरा-वीस जणांना चहाला बोलवा. विक्रेत्याकडे याचा आकडा नसतो आणि यंत्राला स्वतःहून तो कळत नाही : ‘ठीक’ म्हटलेल्यांपैकी किती जण ठीक नव्हते. मी माझ्या टॅबलेटच्या पहिल्या वर्षी हे केले तेव्हा वीसपैकी तीन जण निघाले होते, आणि त्यांतल्या दोघांनी प्रश्न नीट वाचलेच नव्हते, कारण चष्मा घरी राहिला होता.

करारावर सही आधीच झाली असेल, तर निदान दोन कलमे बदलून घ्यायचा आग्रह धरा. नोंदवलेले आवाज विक्रेत्याने आपली प्रणाली शिकवण्यासाठी वापरू नयेत, आणि वैयक्तिक आकडा पाहण्याचा अधिकार फक्त समुपदेशकाच्या लॉगिनला असावा. दुसऱ्या कलमावर बोलणी अडली तर मला कळवा. प्राचार्यांशी फोनवर बोलायला माझी तयारी आहे.